सोपा म्हणे सोपा!

ऐकलंत का? आमच्या सोसायटीतल्या तीनशे दोनच्या वहिनी गेल्या पावसाळ्यात एका रविवारी पहाटे साडेचारला ट्रॅकपँट घालून, पाठीला भलं मोठं दप्तर लावून घराबाहेर पडल्या. नावं कशाला घ्यायची, फ्लॅट नंबर पुरे. वॉचमनला वाटलं, कुणाला तरी दवाखान्यात न्यायचंय. तो बिचारा रिक्षा शोधायला धावला. तर वहिनी म्हणाल्या, "अहो, लोहगडाला चाललेय." बरं, एकट्या. म्हणजे सोबत चाळीस माणसं होती, पण त्यात ओळखीचं एकही नाही, त्याला मी तरी एकटंच म्हणते. घरात सासरे, दोन मुलं आणि दुधाची पिशवी कात्रीनं कापायची की दातांनी, हे अजून न ठरवू शकलेले यजमान. या सगळ्यांसाठी फ्रिजवर चिठ्ठी: 'पोह्यांचं सगळं चिरून ठेवलंय.'

तेव्हापासून आमच्या तिन्ही विंगांत ही साथ अशी पसरली आहे की महापालिकेनं येऊन फवारणी करावी. चारशे तीनचे बँकवाले काका घ्या. लिफ्ट दोन तास बंद राहिली म्हणून कमिटीला तीन पानी पत्र लिहिणारा हा माणूस. पहिल्या मजल्यावर वर्गणी द्यायची तरी लिफ्टनं खाली येणार. हे काका आता दीड हजार रुपये भरून डोंगर चढतात. पैसे भरून! आणि पावतीही मागत नाहीत. जन्मभर बँकेत काढलेला माणूस, म्हणजे बघा दुखणं कुठवर गेलंय.

पाचशे एकच्या मुलीचं तर यात लग्नच ठरलं. दोन वर्षं आईवडील वधूवर सूचक मंडळांत खेटे घालत होते. आणि मुलगा भेटला कुठं, तर राजगडाच्या पाली दरवाज्यात. हिचा पाय मुरगळला आणि त्याच्याकडे क्रेप बँडेज होतं. छत्तीसातले अठरा गुणही जुळत नाहीत म्हणे, पण दोघांचा पेस जुळतो. पेस! आमच्या वेळी सप्तपदीला नवऱ्याच्या मागं चालायचं असतं एवढंच सांगितलं होतं.

या सगळ्याला कारण एकच शब्द. फोनवर जाहिरात येते: 'बिगिनर फ्रेंडली मान्सून ट्रेक. ग्रेड इझी टू मॉडरेट. पुणे टू पुणे. चहा, नाश्ता, जेवण, फर्स्ट एड आणि लीडरचं कौशल्य समाविष्ट.' लीडरचं कौशल्यसुद्धा समाविष्ट, म्हणजे बिनकौशल्याचाही मिळत असणार, थोडा स्वस्तात. पण मुख्य पेच आहे तो 'टू'मध्ये. इझी संपतं कुठं आणि मॉडरेट सुरू होतं कुठं, हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. बिल्डरचं 'स्टेशनपासून दहा मिनिटं' आणि स्थळाच्या जाहिरातीतलं 'मनमिळाऊ' यांच्या पंगतीत आता हे 'इझी' जाऊन बसलंय.

आणि हे इझी म्हणतं कोण, ते बघा. एक तर तो लीडर. वय बावीस, पोटऱ्या वरवंट्यासारख्या, बोलता बोलता उलटा चालत डोंगर चढतो. दुसरा गावातला माणूस. त्याला विचारा, "दादा, अजून किती?" तो तंबाखू मळत सांगणार, "हे काय, हितंच. धा मिन्टं." ती दहा मिनिटं त्याची असतात, आपली नव्हेत. पण सगळ्यात घातकी तिसरा, जाऊन आलेला. तीनशे दोनच्या वहिनी लोहगडाहून आल्यावर चार दिवस जिना खेकड्यासारख्या आडव्या उतरत होत्या, कठड्याला दोन्ही हातांनी धरून. मी म्हटलं, "कसा होता हो ट्रेक?" चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणाल्या, "अगदी सोपा. तुम्ही यायलाच हवं होतं." आपल्याला जे भोगावं लागलं ते शेजारणीला का चुकावं, हा सरळ हिशोब आहे.

खरेदीचं तर बोलूच नका. पावसात भिजायला म्हणून जायचं आणि न भिजणारे कपडे घालून जायचं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पटकन वाळणारा टीशर्ट, पोंचो, कपाळावर बांधायचा टॉर्च, गुडघ्याला नी-कॅप. बँकवाल्या काकांच्या सॅकमधून तर एक नळी निघून थेट तोंडाशी येते, आयसीयूत असते तशी. बाटलीचं बूच उघडण्याचेही कष्ट नकोत, आणि म्हणे डोंगर चढणार!

या सगळ्यावर खरे संतापलेत ते एकशे चारचे आजोबा. ते मुळातले डोंगरातले. म्हणजे हंटर बूट, मुक्कामी एसटी, रॉकेलचा स्टोव्ह आणि देवळात पथारी, त्या काळातले. गोनीदांची 'माचीवरला बुधा' वाचून राजमाचीला गेलेली जी पिढी आहे ना, त्यातले. तेव्हा ट्रेक हा शब्दही घरात कुणी वापरत नसे, 'किल्ल्यावर जाऊन येतो' एवढंच सांगायचं आणि आईनं दशम्या बांधून द्यायच्या. मी त्यांना ग्रेडचं विचारलं तर म्हणाले, "आम्हाला दोनच ग्रेड माहीत. परत आलो आणि परत नाही आलो." सिंहगडाला ते ट्रेक मानायलाच तयार नाहीत. पण तुम्हाला म्हणून सांगते, कुठं बोलू नका: परवा कुरिअरवाला त्यांच्या दारात एक लांबट, अरुंद खोकं घेऊन उभा होता. खोक्यावर चित्र ट्रेकिंगच्या काठीचं. दोन काठ्यांचं. मी पाहिलंय.

आता सिंहगड ट्रेक नसेल, पण प्रवेश परीक्षा आहे. आतकरवाडीच्या वाटेनं पहाटे वर जाणारे नेमाचे लोक तिथं असतात. रिटायर झालेले, बनियनवरचे, हातात फक्त किल्ल्यांचा जुडगा. ते आपल्या शेजारून 'जय शिवराय' म्हणत इतक्या सहज वर निघून जातात की आपल्याला थांबून बुटाची नाडी बांधायचं नाटक करावं लागतं. बँकवाल्या काकांनी पहिल्या खेपेला नाडी अकरा वेळा बांधली. सव्वादोन तासांनी वर पोचले आणि मग जो जीव खाल्ला, माफ करा, जी भजी खाल्ली! कांदाभजी दोन प्लेट, मग पिठलं, भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, आणि शेवटी मडक्यातलं दही, साखर घालून. चढण्यात जे काही वितळलं असेल त्याच्या दुप्पट बसवून काका शेअर जीपनं खाली आले. ट्रेक म्हणजे चढणं, उतरण्याचा उल्लेख जाहिरातीत नव्हता, हा त्यांचा मुद्दा. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो: पुणे दरवाजा, काका कमरेवर हात ठेवून. खाली लिहिलेलं, 'गड आला.' पुढचं वाक्य कुणी लिहायचं, यावरून ग्रुपवर बराच वेळ शांतता होती.

लोहगडाची आणखी वेगळीच तऱ्हा. मळवलीला लोकलमधून उतरायचं, भाज्याची लेणी डाव्या हाताला ठेवून गायमुख खिंडीत चढायचं, आणि मग पायऱ्या. चांगल्या बांधीव पायऱ्या, एकामागोमाग एक चार दरवाजे: गणेश, नारायण, हनुमान, महादरवाजा. वर विंचूकाटा, विंचवाच्या नांगीसारखी लांबच लांब निघालेली माची. नाना फडणविसांनी आपली दौलत याच गडावर सांभाळायला ठेवली होती. त्यांना तरी कुठं ठाऊक होतं की पुढं इथं माणसांची अशी झुंबड उडेल! मागे जुलैतल्या एका रविवारी त्या दरवाज्यांत इतकी गर्दी झाली की वरचे खाली येईनात आणि खालचे वर जाईनात, माणसं तासन् तास पावसात अडकून पडली. ज्या दरवाज्याची नागमोडी रचना शत्रूला कोंडायला केली होती, ती इतक्या वर्षांनी पूर्ण क्षमतेनं चालली. शत्रू नव्हता, आपणच होतो.

आणि त्यात २०२५च्या जुलैत युनेस्कोनं मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. अकरा आपले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्या अकरांत लोहगड आहे. झालं! तीनशे दोनच्या वहिनी आता 'लोहगडाला गेले होते' म्हणत नाहीत. 'युनेस्कोला जाऊन आले' म्हणतात. माझ्या नणंदेला दोन दिवस वाटत होतं की त्या पॅरिसला होत्या.

इथपर्यंत मी हसते. पण हरिहरला कुणी बिगिनर फ्रेंडली म्हटलं की माझं हसू आटतं. त्र्यंबकेश्वरच्या बाजूचा हा गड. कातळात खोदलेल्या पायऱ्या जवळजवळ भिंतीसारख्या उभ्या, हात अडकवायला खोबण्या. १८१८ साली कॅप्टन ब्रिग्ज नावाचा इंग्रज अधिकारी गड ताब्यात घेताना त्या पायऱ्या बघून थक्क झाला होता, आणि तो काही इझी टू मॉडरेट माणूस नव्हता. आता रविवारी तिथं एकामागं एक माणसं चिकटलेली असतात, वरचा खाली येतोय, खालचा वर चाललाय, आणि मधल्याला फोटो काढायचाय. दरवर्षी पावसाळ्यात जिल्हाधिकारी बंदीचे हुकूम काढतात आणि दरवर्षी लोक तो हुकूम वाचून त्याच ठिकाणाचा पत्ता शोधतात. मग कुणी अडकलं, कुणी घसरलं की लोणावळ्याची शिवदुर्ग मित्रची पोरं, खोपोलीची यशवंती हायकर्सची पोरं दोर घेऊन रात्री-अपरात्री दरीत उतरतात. नोकऱ्या सांभाळून, फुकट. त्यांचे रील कुणी काढत नाही. असो, विषय बदलते, नाहीतर मला रात्री झोप लागत नाही.

आता तुम्ही विचाराल, हिला एवढं सगळं कसं ठाऊक? तर मी जाऊन आले. कळसूबाईला. लगेच डोळे मोठे करू नका. केवळ खरं-खोटं करायला गेले होते. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. निंदा करायची तर वरून करावी, म्हणजे लांबवर जाते.

शनिवारी रात्री अकराला नाशिक फाट्यावर बस. संगमनेरपर्यंत अंताक्षरी, राजूरपर्यंत घोरणं, आणि तीनच्या सुमारास बारी गाव. उतरल्या उतरल्या आम्हाला काळोखात गोल उभं केलं. ओळख परेड! प्रत्येकानं नाव सांगायचं आणि नावाच्या पहिल्या अक्षरावरून स्वतःला एक विशेषण लावायचं. चव्वेचाळीस माणसं. पहाटे तीनला. थंडीत दात वाजताना स्वतःला 'मनमोकळी' म्हणवून घ्यायची पाळी शत्रूवर येऊ नये. मग महाराजांचा जयजयकार झाला, गावातल्या यच्चयावत कुत्र्यांनी साथ दिली, आणि निघालो.

या लोकांना रात्रीच का चढवतात, ते मला पहिल्या अर्ध्या तासात कळलं. सूर्योदय वगैरे सगळं निमित्त आहे. पुढं काय वाढून ठेवलंय ते दिसू नये, म्हणून. मी एकदाच वर पाहिलं. आभाळात चांदण्या होत्या आणि त्यातल्या काही सरकत होत्या. मी वहिनींना म्हटलं, "किती सुंदर हो." वहिनी म्हणाल्या, "त्या चांदण्या नाहीत. आपल्या आधीचा ग्रुप आहे." त्यानंतर मी फक्त पायाकडे पाहिलं.

मग शिड्या. लोखंडी, दवानं ओल्या, हाताला बर्फासारख्या गार. शिडीखाली रांग, रेशनच्या दुकानासारखी, आणि रांगेत नंबर लावून मध्येच चहा प्यायला जाणारेही अगदी तसेच. माझ्यापुढं बँकवाले काका. शिडीवर माझं नाक आणि त्यांचा बूट यांत वीतभर अंतर. बुटाच्या तळव्यावर किमतीचं स्टिकर अजून चिकटलेलं होतं, टॉर्चच्या उजेडात आकडा स्वच्छ वाचता येत होता. तो आकडा मी काकूंना सांगितलेला नाही. काकांनी घरी किती सांगितलाय ते आधी काढून घ्यायचंय.

वर पोचल्यावर काय झालं, ते सांगताना जरा अडचण होते. निंदेची बैठक मोडते. देऊळ एवढंसं, चार माणसं आत गेली की भरलं. वारा असा की पदर असता तर नाशकात गेला असता. पूर्वेला फटफटलं, खाली भंडारदऱ्याचं पाणी आधी राखाडी, मग रुपेरी झालं. रतनगडाची टोकं दिसली. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग असे तीन गड एका रांगेत, कडे खाली ताशीव तुटलेले. लीडर त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ते मात्र बिगिनरसाठी नाहीत." चव्वेचाळीस जणांनी एकदम मान हलवली, जणू काही आम्ही निघालोच होतो.

उतरताना एका झोपडीपाशी ताक प्यायला बसलो. ताकवाल्या मावशी पन्नाशीच्या, पायात साधी प्लॅस्टिकची चप्पल. आम्ही काठ्या, नळ्या, नी-कॅप घेऊन जिथं पोचलो होतो, तिथं त्या डोक्यावर ताकाचा कॅन घेऊन रोज उजाडायच्या आत येतात. वहिनींनी विचारलं, "मावशी, रोज चढता, त्रास नाही होत?" मावशींनी ग्लास विसळला. "तरास कसला? पोटासाठी हाय. तुमी कशापाई येता?" कुणीच उत्तर दिलं नाही. काका नळीतून पाणी प्यायला लागले.

मग मावशींनी कळसूची गोष्ट सांगितली. कळसू म्हणजे कोळ्याची पोर, डोंगरात हिंडायची हौस असलेली. पायथ्याच्या इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली, पण अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. बाकी काय म्हणाल ते. मालकानं कबूल केलं. पण एक दिवस घरात पाहुणे आले, आणि तिला भांड्यांना बसवलं. तिनं घासली. सगळी घासली. आणि तशीच उठून जी डोंगर चढून गेली, ती परत आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, आणि ती राहिली तो हा डोंगर.

वहिनींचा ताकाचा ग्लास तोंडाशी तसाच थांबला.

"पाहुणे आले होते?"

"हां. पाव्हनंच."

"तरीच," वहिनी म्हणाल्या, आणि उरलेलं ताक एका दमात संपवलं.

मला तर तेव्हापासून वाटतं की या सगळ्या वेडाची आद्य गुन्हेगार तीच. ना ग्रेड विचारली, ना कुठल्या ग्रुपकडे नाव नोंदवलं. आमचं निदान पुणे टू पुणे असतं. तिचं इंदोरे टू, आणि पुढं कोरं.

उतरण्याबद्दल बोलायची माझी इच्छा नाही. चढताना छाती भरते ते कुणीही सांगतं. उतरताना पायाचा अंगठा बुटाच्या टोकाला हजार वेळा आपटतो, ते एकशे चारच्या आजोबांनीसुद्धा सांगितलं नव्हतं. घसारा लागला की सगळी प्रतिष्ठा सोडून बसून उतरायचं. मी माझ्या ट्रॅकपँटच्या मागच्या बाजूची पाहणी अजून कुणाला करू दिलेली नाही. उजव्या अंगठ्याचं नख जांभळं झालंय, आणि तो रंग माझ्या शालूच्या काठाशी मिळताजुळता आहे, एवढंच समाधान.

रविवारी संध्याकाळी सातला घरी पोचले. यजमानांनी दार उघडलं, कौतुकानं पाणी दिलं आणि म्हणाले, "तू दमली असशील म्हणून भांडी मी सगळी विसळून ठेवलीत. फक्त घासायची राहिलीत." आत जाऊन पाहिलं. दुपारी त्यांचे दोन मित्र जेवायला येऊन गेले होते. कुकर, कढई, झारा, सहा ताटं. तीन माणसांना सहा ताटं कशी लागली, ते विचारायचं त्राण नव्हतं.

मी बादलीत गरम पाणी घेतलं, मूठभर मीठ टाकलं, पाय बुडवले आणि तीनशे दोनला फोन लावला.

"पोचलात का? पाय कसे आहेत?"

"पायांचं काय विचारता, सिंक बघा येऊन. सासऱ्यांचे भाऊ आले होते."

"मग?"

"मग काय," वहिनी म्हणाल्या, "पुढच्या रविवारी राजमाची आहे. इझी टू मॉडरेट. दोनच जागा उरल्यात, लवकर बोला."